हरितगृहात हिवाळी बुटके टोमॅटो: फुलं येतात, टिकत नाहीत

पालवी

हरितगृहात हिवाळ्यासाठी टोमॅटो लावलेत, सगळ्या बुटक्या जाती. फुलं भरपूर, फळ एकही नाही. उगाच अंदाज बांधावे लागू नयेत म्हणून मांडणी सविस्तर देते.

हरितगृह ४ × ३ मीटर, बाजू १.८ मीटर, आढ्याशी २.३ मीटर. आवरण ८ मिमी दुपदरी पॉलिकार्बोनेट. छताला एक खिडकी, दाराच्या वर एक झडप. २ किलोवॅटचा पंखेवाला हीटर थर्मोस्टॅटवर, १० अंशांना लावलेला. १०० वॅटचे दोन पांढरे एलईडी, छतालगत टांगलेले. दिवस सध्या साडेनऊ तासांचा, सर्वांत लहान दिवस येऊन ठेपलाय. बाहेर रात्री २ अंश, अधूनमधून शून्याखाली ३.

रोपं २४: दहा ‘रोझेला पर्पल’, आठ ‘टास्मानियन चॉकलेट’, सहा ‘रेड रॉबिन’. पहिल्या दोन १० लिटरच्या कुंड्यांत, रेड रॉबिन ३ लिटरच्या. कुंड्या सिमेंटच्या जमिनीवर. माध्यम ६० टक्के कोकोपीट, ४० टक्के गांडूळखत. खत १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश यांची टक्केवारी), लिटरला २ ग्रॅम, आठवड्यातून दोनदा. पेरणीला ११ आठवडे झाले. मोठ्या जाती ४५ सेंमी झाल्यात.

आतलं तापमान रात्री १०, दिवसा ऊन असेल तर २४, ढगाळ असेल तर १५. आर्द्रता पहाटे ९२-९४ टक्के, दुपारी ६५-७०.

लक्षण असं: फूल उमलतं, तीनचार दिवसांत देठावरच्या गाठीपाशी पिवळं पडतं आणि बोट लावलं की त्या गाठीतूनच निखळतं. खालच्या पानांची पाठ जांभळट आहे. शेंड्याची पानं काळपट हिरवी, जाड, आत वळलेली.

दोष थंडीचा, ओलीचा की खताचा? दोन दिवे पुरतात का? आणि बुटकी म्हणजे डिटरमिनेटच (वाढ आपोआप थांबणारी) ना, मग बगलफुटवे काढायचे की नाही?

लक्समीटर

आधी दिव्यांबद्दल, कारण ते आकड्यांत लगेच उलगडतं.

बऱ्या प्रतीचा पांढरा एलईडी वॅटला सुमारे २.५ मायक्रोमोल प्रकाश देतो (मोल म्हणजे झाडावर पडणाऱ्या प्रकाशकणांच्या संख्येचं माप). तुमचे २०० वॅट म्हणजे सेकंदाला ५०० मायक्रोमोल. हे १२ चौरस मीटरवर पसरलं की चौरस मीटरला जेमतेम ४०. १४ तास चालवलेत तरी दिवसाला २ मोल. फळ धरणाऱ्या टोमॅटोला दिवसाला निदान १५ मोल हवेत, २० च्या वर गेलं तर झाड खुशीत. सध्याच्या दिवसांत ढगाळ हवेत बाहेरच ५-६ मोल मिळत असतील, त्यातले पॉलिकार्बोनेट आणि सांगाडा ओलांडून आत साठ-पासष्ट टक्के येतात. म्हणजे ३ ते ४. त्यात तुमचे २. या उजेडावर झाड जगतं, फळाला पोसू शकत नाही, म्हणून फूल टाकून देतं.

पण तेच दिवे २.५ चौरस मीटरवर एकवटलेत, तर वाया जाणारा पंचमांश वगळूनही चौरस मीटरला १६० मायक्रोमोल मिळतात. १५ तासांचे साडेआठ मोल झाले. उंच जातींना हे जमत नाही, कारण दिवा शेंड्याला परवडतो तेव्हा खालचा घोस अंधारात असतो. बुटक्या झाडाचा सगळा कारभार अर्ध्या मीटरच्या आत आटोपतो. हिवाळ्यात बुटकी लावण्याचा खरा फायदा हा आहे, जागा वाचणं वगैरे दुय्यम.

तेव्हा दिवे छतावरून उतरवा. शेंड्यापासून ४५ ते ५० सेंमीवर टांगा. २.५ × १ मीटरच्या पट्ट्यात मोठ्या जातींची ८ रोपं आणि कडेने रेड रॉबिन, बस. उरलेली दहा रोपं या उजेडात तुम्ही पोसू शकणार नाही. वाईट वाटतं, पण २४ रोपांना अर्धपोटी ठेवण्यापेक्षा १४ ला नीट जेवू घाला.

वेळापत्रक: उन्हाच्या दिवशी पहाटे ४ तास आणि सूर्यास्तानंतर दीड तास. ढगाळ दिवशी पहाटेपासून सलग १५ तास. दोन्ही हिशेबांत दिवसाचा एकूण आकडा १२ मोलच्या आसपास येतो. आदर्श नाही, पण दोन घोस धरायला पुरतो. दिवे २४ तास चालू ठेवायचा मोह टाळा. टोमॅटोला अखंड उजेड सोसत नाही, पानं पिवळी ठिपकेदार होतात आणि झाड उलट मागे पडतं. निदान ६ तास काळोख हवाच.

मोजायला मोबाइलचं लक्स ॲप ढोबळमानाने चालतं. पांढऱ्या एलईडीखाली लक्सला ७० ने भागा, उन्हात ५४ ने. शेंड्यापाशी रात्री ११,००० लक्सच्या आसपास दिसले की १६० गाठलेत असं समजा.

वाफसा

उजेडाचं वर आलंच आहे. पण तुमची फुलं गळण्याचं तातडीचं कारण रात्रीचे १० अंश आहे.

टोमॅटोचा परागकण फुलात तयार होतो तो फूल उमलायच्या आठ-दहा दिवस आधी. त्या दिवसांत रात्री १३ च्या खाली जात राहिल्या की पराग पोकळ निघतो. फूल दिसायला ठणठणीत, आत पीठच नाही. घरच्या घरी खात्री करता येते. दुपारी १२ ते १ च्या दरम्यान पूर्ण उमललेलं फूल, पाकळ्या मागे वळलेल्या, काळ्या कागदावर धरा आणि देठाला टिचकी मारा. कागदावर पिवळसर धूळ बारीक पिठासारखी पसरली तर पराग आहे आणि सुटतोय. ओलसर गुठळ्या पडल्या तर पराग आहे पण हवा दमट आहे. काहीच पडलं नाही तर थंडीने काम केलंय.

यातली गोम अशी की आज तापमान सुधारलंत तरी उद्याची फुलं गळणारच, कारण ती मागच्या आठवड्यात बिघडलेली आहेत. दोन आठवडे निकालाची वाट पाहावी लागते. बरेच जण चौथ्या दिवशी हार मानून परत खतं बदलत बसतात.

आता रात्री १५ अंश ठेवायला किती ऊब लागते ते पाहा. तुमच्या आवरणाचं क्षेत्रफळ सुमारे ४० चौरस मीटर. ८ मिमी दुपदरी पॉलिकार्बोनेटमधून चौरस मीटरमागे, दर अंश फरकाला, सुमारे ३.३ वॅट निसटतात. बाहेर २, आत १५: ४० × ३.३ × १३ म्हणजे १,७०० वॅट. फटींतून जाणारी हवा धरून वर १५-२० टक्के घाला, २,००० झाले. म्हणजे तुमचा हीटर रात्रभर दम न खाता चालला तर कसाबसा पुरतो. बाहेर उणे ३ झालं की नाही पुरत.

म्हणून अख्खं हरितगृह तापवू नका. लक्समीटर म्हणतात त्या अडीच मीटरच्या पट्ट्यावर रात्रीपुरता पारदर्शक पॉलिथिनचा तंबू करा, १.४ मीटर उंच. हरितगृह १० वरच राहू द्या, तंबूत १५ ठेवायला ३५०-४०० वॅट पुरतात. त्यातले २०० वॅट पहाटे दिवेच देतात, आणि नेमक्या त्याच वेळी गारठा सर्वांत जास्त असतो. दिवे संध्याकाळऐवजी पहाटे लावण्याचं हेही एक कारण. तंबूला खाली चारी बाजूंनी चार बोटं फट आणि वर एका कोपऱ्यात फट ठेवा, आत छोटा पंखा रात्रभर फिरता ठेवा, वारा थेट झाडांवर नको. पूर्ण बंद तंबू म्हणजे बुरशीचं पाळणाघर. तंबूतली ऊब विजेचीच हवी, छोटा ट्यूब हीटर उत्तम. ओल्या जागी वीज आहे, तेव्हा ३० मिलिअँपचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) बसवल्याशिवाय यातलं काहीही सुरू करू नका.

गॅसचा किंवा रॉकेलचा बिनधुराड्याचा हीटर कुणी सुचवला तर कानाडोळा करा. नीट न जळलेल्या इंधनातून इथिलीन सुटतं, आणि टोमॅटो इथिलीनला फार हळवा. पानांचे देठ खाली वाकतात, झाड पाणी मिळूनही कोमेजल्यासारखं दिसतं, फुलं झडतात. लोक त्यावर अजून पाणी घालतात.

गारवा

तापमानासाठी २०० लिटरचे काळे पिंप पाण्याने भरून ठेवा की. दिवसा तापतात, रात्री ऊब सोडतात. वीज लागत नाही.

वाफसा

@गारवा, हिशेब करून पाहा. २०० लिटर पाणी ८ अंश थंड झालं तर सुमारे १.९ युनिट उष्णता देतं. त्या हरितगृहाला रात्रभर १५ अंश ठेवायला तासाला २ युनिट लागतात. एक पिंप म्हणजे हीटरचा एक तास. आणि ढगाळ आठवड्यात ते पिंप दिवसा ८ अंश तापतच नाही. पहाटेचा नीचांक एखाद अंशाने वर धरायला ठीक आहे, पण सूर्याकडच्या बाजूला ठेवलंत तर सावलीत जितकं गमावाल तितकं उबेत मिळणार नाही. मागच्या भिंतीला लावून ठेवा, आणि त्यातलंच कोमट पाणी झाडांना घाला. तो उपयोग मला जास्त पटतो.

ईसी२

खतावर कुणी बोललं नाही अजून.

१९:१९:१९ ची पिशवी मागून वाचा. त्यातल्या नत्रापैकी पाऊण हिस्सा बहुधा युरिया आणि अमोनियम स्वरूपात असतो, नायट्रेट थोडं. उबदार मातीत जिवाणू त्याचं नायट्रेट करून देतात. गार, ओल्या कोकोपीटमध्ये ते काम रेंगाळतं, अमोनियम साठत जातं. त्यात लिटरला २ ग्रॅम म्हणजे ३८० पीपीएम नत्र, हिवाळ्यातल्या गरजेच्या दुप्पट. तुमची शेंड्याची काळपट, जाड, आत वळलेली पानं याचंच लक्षण. (बुटक्या जातींचं पान मुळातच गडद आणि सुरकुतलेलं असतं, पण आत वळलेलं नसतं.) शिवाय या खतात कॅल्शियम शून्य.

जांभळी पाठ पाहून स्फुरद वाढवू नका, तुमच्या खतात तो गरजेच्या तिप्पट आहे. मुळं १५ अंशांखाली गेली की समोर असलेला स्फुरदही उचलत नाहीत. सिमेंटची जमीन रात्रभर कुंडीतली ऊब शोषते. कुंड्यांखाली ५ सेंमी थर्माकोल, त्यावर लाकडी पट्ट्या, एवढ्याने फरक पडतो. मुळांपाशी १६ ते १८ आणायचं. तापमापकाची काडी कुंडीच्या कडेला नव्हे, मध्याजवळ १० सेंमी खोल घालून पहाटे वाचा. पाणीही १८-२० अंशांचं घाला, नळाचं गार नको.

१०० लिटर पाण्यासाठी माझं मिश्रण: कॅल्शियम नायट्रेट ८० ग्रॅम, १३:००:४५ चाळीस ग्रॅम, ००:५२:३४ बावीस ग्रॅम, ००:००:५० पंधरा ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ४५ ग्रॅम, सूक्ष्म अन्नद्रव्यं पाकिटावरच्या मात्रेने. नत्र १७५, पालाश २७५, कॅल्शियम १५० पीपीएमच्या आसपास पडतात आणि ईसी (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप) सव्वादोनच्या जवळ, मूळ पाण्याची ईसी त्यावर. पीएच ५.८ ते ६.३. प्रत्येक खत वेगळ्या मग्यात विरघळवून मगच मोठ्या पाण्यात ओता. कॅल्शियम नायट्रेट आणि सल्फेट घट्ट द्रावणात एकत्र आले की तळाला जिप्समचा पांढरा गाळ बसतो, मग झाडाला ना कॅल्शियम ना गंधक.

आधी मात्र साठलेलं खत धुऊन काढा. उन्हाच्या सकाळी, ईसी १ च्या कोमट द्रावणाने, १० लिटरच्या कुंडीतून १५ लिटर जाऊ द्या. तळातून शेवटी निघणाऱ्या पाण्याची ईसी मोजा, १.५ खाली आली की थांबा. ढगाळ दिवशी हे करू नका, कुंडी चार दिवस वाळणार नाही. ४० टक्के गांडूळखत हिवाळ्यासाठी फार भारी झालं. पुढच्या वेळी ५० कोकोपीट, ३० परलाइट, २० गांडूळखत. आणि मोठ्या जातींना १५ लिटरची कुंडी.

पालवी

सगळ्यांचे खूप आभार. दिवे उतरवले, ८ + ६ रोपं पट्ट्यात घेतली, तंबू केला, थर्माकोल आणि त्यावर हीटिंग मॅट घातली, कुंड्या धुतल्या. तळाच्या पाण्याची ईसी आधी ४.६ होती!

आज सोळावा दिवस. काळ्या कागदावर धूळ पडतेय. पण दोन नव्या गोष्टी दिसतात. पानांच्या पाठीवर बारीक पांढरट फोड, खसखशीएवढे, हाताला खरखरीत लागतात. किडा दिसत नाही. आणि एका रोझेलाच्या खोडावर, जिथे मी पान कापलं होतं तिथे, राखाडी लव आलीय. मुळांपाशी आता २३ अंश, तंबूत पहाटे १५, आर्द्रता ८८.

बुटकी आणि डिटरमिनेट हा प्रश्न राहिलाच.

ठेंगू

फोड म्हणजे ओडीमा. रोग नाही, किडा नाही. मुळं गरम असल्याने पाणी वर ढकलताहेत, आणि हवा गार, दमट असल्याने पानं ते बाहेर टाकू शकत नाहीत. पेशी फुगतात आणि फुटतात. मॅट १८ वर आणा. हवेपेक्षा मुळं २-३ अंशांनी जास्त उबदार असली तर बरं, ८ अंशांनी नव्हे. दुपारी १२ नंतर पाणी बंद. ढगाळ दिवशी १० लिटरच्या कुंडीला पाव लिटरही लागत नाही, तेव्हा वेळापत्रकाने नको, कुंडी उचलून वजनावरून ठरवा. आलेले फोड जाणार नाहीत, नवी पानं स्वच्छ आली की झालं. ती पानं काढू नका.

राखाडी लव मात्र गंभीर. बोट्रायटिस. कात्रीने पान कापताना देठाचा बोटभर तुकडा राहिला असणार, तो सडतो आणि बुरशी तिथून खोडात शिरते. तो भाग निरोगी हिरवा दिसेपर्यंत धारदार पात्याने खरवडा, पातं स्पिरिटने पुसून, आणि जखम कोरडी राहू द्या. त्याआधी लव हलवू नका, ओला कागद हलकेच ठेवून उचला, नाहीतर बीजाणू धुरासारखे उडतात. खोडाला अर्ध्याहून जास्त वेढा पडला असेल तर रोप पिशवीत घालून बाहेर.

पुढे पान काढायचं ते उन्हाच्या सकाळी, देठ खोडापाशी धरून आधी वर, मग खाली झटका द्यायचा. सांध्यातून स्वच्छ सुटतं, खुंट राहत नाही, संध्याकाळपर्यंत जखम सुकते.

आता तुमचा मूळ प्रश्न. बुटकेपणा आणि डिटरमिनेट या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, दोन वेगळी जनुकं. डिटरमिनेट झाडाचा शेंडा फुलाच्या घोसात संपतो, वाढ थांबते. बुटक्या झाडात ब्रासिनोस्टिरॉइड हे वाढीचं संप्रेरक कमी बनतं, म्हणून दोन पेरांतलं अंतर तोकडं, खोड जाड, पान सुरकुतलेलं. पण शेंडा थांबत नाही. रोझेला आणि टास्मानियन चॉकलेट अशाच, हळूहळू का होईना वाढत राहणाऱ्या. क्रेग लहुलिअर आणि पॅट्रिना नस्के स्मॉल यांनी २००५ च्या सुमारास सुरू केलेल्या ड्वार्फ टोमॅटो प्रकल्पातल्या बहुतेक जाती या प्रकारच्या. रेड रॉबिन मात्र मायक्रो, ती बुटकीही आहे आणि डिटरमिनेटही. तिच्या फुटव्यांना हात लावायचा नाही, पीकच तिथे येतं.

मोठ्या दोन जातींना उंच झाडासारखं एक खोडावर आणू नका, वाढ संथ असल्याने एका खोडावर पुरेसे घोस मिळत नाहीत. दोन किंवा तीन खोडं ठेवा. छाटणी फुटव्यांची कमी, पानांची जास्त. बुटक्या झाडात पानावर पान असतं आणि सुरकुत्यांत दव अडकून बसतं. जमिनीपासून २० सेंमीपर्यंत एक पान नको. त्यावर, झाडाच्या पोटातली, आत वळलेली, दिव्याकडे न पाहणारी पानं आठवड्याला दोनतीन या गतीने काढा. एकदम नको. झाडाच्या एका बाजूला बसून दुसऱ्या बाजूचा उजेड ठिपक्याठिपक्यांनी दिसायला लागला की थांबा.

वाफसा

८८ टक्के अजून जास्त आहे. दोन सवयी लावून घ्या.

सूर्यास्ताआधी तासभर हीटर चालू असतानाच छताची खिडकी चार बोटं उघडा, १५ मिनिटं, मग बंद. अर्ध्या तासाने पुन्हा एकदा. उबदार हवा जास्त ओल धरते, ती ओलीसकट बाहेर जाते आणि आत येणारी गार हवा तापल्यावर कोरडी होते. ऊब वाया जाते असं वाटेल, पण बंद हरितगृहात पहाटे पडणारं दव याहून महाग पडतं.

दुसरी सकाळची. रात्रीच्या १५ वरून ऊन पडताच आत झपाट्याने २२ होतं. हवा आणि पान तापतं, पण टोमॅटोचं फळ म्हणजे पाण्याचा गोळा, ते गारच राहतं आणि त्यावर दव धरतं. फळांवर पुढे जे फिकट वर्तुळाकार ठिपके दिसतात ते याच दवात रुजलेल्या बोट्रायटिसचे. म्हणून सूर्योदयाच्या दोन तास आधीपासून तासाला अंश-दीड अंश अशी चढण ठेवा आणि ऊन पडल्यावर तंबू खालून वर उचलत न्या, एकदम काढू नका.

दिवसा गारठा असला तरी ११ च्या सुमारास दहा मिनिटं खिडकी उघडाच. बंद जागेत झाडं कार्बन डायऑक्साइड संपवतात, मग १६० मायक्रोमोल असले काय नि नसले काय.

आणि परागाची धूळ पडतेय तर आता ब्रश घ्या. बॅटरीवरचा टूथब्रश, केसांची बाजू नव्हे, पाठ घोसाच्या मुख्य देठाला टेकवायची, फुलाला नाही. दोन-तीन सेकंद. ११ ते २ या वेळेत, आर्द्रता ६०-७० असताना, एक दिवसाआड. आडव्या उजेडात पाहिलंत तर पिवळा भपकारा सुटताना दिसतो. ८५ टक्क्यांच्या वर हेच केलंत तर काही सुटत नाही, पराग चिकटून बसतो.

पालवी

तीन झाडांवर वाटाण्याएवढी फळं धरलीत! पण रोझेलाचं एक फळ विचित्र आहे, खालून चिरा आणि गाठी, दोन फळं चिकटल्यासारखं. ठेवू का? आणि पुढच्या हिवाळ्यासाठी पेरणी कधी करू? उघडच उशीर झाला होता.

ठेंगू

ते काढून टाका. कॅटफेस म्हणतात. कळी बारीक असताना, म्हणजे उमलायच्या दोन-तीन आठवडे आधी, गारठा लागला की फुलातलं बीजांडकोष वेडंवाकडं जुळतं. मोठ्या फळांच्या जातींत जास्त. ते फळ झाडाचं सर्वांत जास्त खातं आणि पिकायच्या आधी चिरांतून सडतं. पुढच्या घोसांत असं दिसणार नाही. प्रत्येक घोसावर तीन फळं ठेवा, जास्त धरली तर लहान असतानाच खुडा.

लक्समीटर

पेरणीचं उलट मोजा. सर्वांत लहान दिवसाच्या महिनाभर आधी मोठ्या जातींवर दोन-तीन घोस धरलेले हवेत. अंधारात झाड धरलेली फळं पोसतं, नवी धरायला मात्र कुरकुरतं. बुटक्या जाती रोपावस्थेत संथ असतात, पेरणी ते पहिलं फूल ९-१० आठवडे. घोस धरायला अजून दोन-तीन. बेरीज करा: सर्वांत लहान दिवसाआधी १६ आठवडे. तुम्ही साधारण पाच आठवडे उशिरा पेरलंत.

रेड रॉबिनचं वेगळं. पेरणीपासून पिकलेलं फळ १२-१३ आठवड्यांत, तेव्हा तीन-तीन रोपं महिन्याच्या अंतराने पेरत राहा, दिव्याखाली जागा लागते तळहाताएवढी.

बी २५ अंशांवर आठवड्यात उगवतं, १८ वर दोन आठवडे घेतं. दुसरं खरं पान येताच बुटकी ओळखू येतात: खोड आखूड आणि जाड, पान गडद, चुरगळलेलं. पाकिटातलं एखादं रोप सडपातळ आणि लांब पेरांचं निघालं तर ते परपरागातून आलेलं आहे, काढून टाका. बुटकेपणा अप्रभावी गुण आहे, संकराची पहिली पिढी उंचच निघते.

पालवी

आणि आत्ता धरलेली फळं पिकणार कधी? उन्हाळ्यात दीड महिना लागतो.

वाफसा

दिवसरात्रीच्या सरासरीवर अवलंबून. सरासरी २२ असेल तर साधारण दीड महिना, १८ असेल तर नऊ-साडेनऊ आठवडे, १४ असेल तर तीन महिन्यांच्या वर. तुमची सध्याची सरासरी १७-१८ दिसते, म्हणजे दहा आठवडे धरा. हिरवं राहिलं म्हणून पालाश ओतू नका.

रंग फुटायला लागला, खालच्या टोकाला गुलाबी झाक दिसली, की तोडून २० अंशांच्या खोलीत ठेवा. चव फारशी बिघडत नाही आणि झाडावरचा भार उतरतो. फ्रिजमध्ये नको, १० अंशांखाली अर्धकच्चं फळ पिकणं विसरतं. देठावरच्या त्याच गाठीतून वर वाकवून मोडा, ओढू नका, नाहीतर बुटक्या झाडाचा अख्खा घोस हातात येतो.